पाट्या रंगवणाऱ्याचा मुलगा

रबरी शिक्का हा प्रकार पोस्टात, सरकारी कचेरीत, फार तर ग्रंथालयात शोभतो. पण १९४७ ते १९४९ या काळात लंडनजवळ हार्मंड्सवर्थला, पेंग्विन प्रकाशनाच्या कचेरीत एका माणसाने असा एक शिक्का खास बनवून घेतला होता. त्यावरचा मजकूर साधारण असा : अक्षरांमधली अंतरं डोळ्यांना सारखी दिसतील अशी करा. रोज त्याच्यापुढे प्रुफांचा ढीग यायचा, कधीकधी दिवसाला दहा पुस्तकांचा. तेच वाक्य हाताने लिहून लिहून तो वैतागला होता. पुढे त्यानेच नोंदवून ठेवलंय की त्या शिक्क्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे कंपोझिटर आधी जशी अंतरं सोडत होते तशीच सोडत राहिले.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले होते. मी पुस्तकं लावते. म्हणजे लेखकाने लिहिलेला, संपादकाने हात फिरवलेला मजकूर पानांवर बसवते. समास किती ठेवायचा, ओळ केवढी लांब, परिच्छेद कुठे तुटतो, प्रकरण पानाच्या किती खालून सुरू होतं. घरच्यांच्या भाषेत, ‘कॉम्प्युटरवर काहीतरी’. या कामात दिवसाचे तास कुठे जातात हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. ते अंतरांत जातात. दोन शब्दांमधल्या, दोन ओळींमधल्या, मथळा आणि मजकूर यांच्यामधल्या. आणि मी जुळवून आणलेलं अंतर पुढच्या प्रुफात कुणीतरी ‘नीट’ करून ठेवलेलं असतं. शिक्का करून घ्यावा असं मलाही कितीदा वाटलंय.

शिक्केवाल्याचं नाव यान चिखोल्ट. जर्मन उच्चार मराठीत नेमका उतरत नाही, तेव्हा जवळपासचा समजून घ्या. विसाव्या शतकात छापील पानाचं रूप ज्यांनी बदललं त्यांच्यात त्याचं नाव अगदी वर येतं, आणि ते रूप त्याने दोनदा बदललं. दुसऱ्या खेपेला पहिल्याच्या उलट दिशेने. त्याच्याशी माझं जे काही नातं आहे ते या दुसऱ्या खेपेमुळे आहे, आणि सुरुवातीला मला त्याच गोष्टीचा भयंकर राग आला होता.

जन्म २ एप्रिल १९०२ चा, लाइपझिगचा. वडील पाट्या रंगवायचे. त्याच्यावरच्या लेखांत हा तपशील एका ओळीत येऊन जातो. मला तिथे थांबावंसं वाटतं. पाट्या रंगवणाऱ्याच्या घरात अक्षर ही वाचायची गोष्ट नंतर होते. आधी ते ओलं असतं, त्याला रंगाचा वास असतो, ते शर्टाला लागतं. फूटभर उंचीचं अक्षर ब्रशने काढताना पट्टी फार लांबवर साथ देत नाही. चार पावलं मागे जायचं, डोळे बारीक करायचे आणि कुठे गर्दी झालीय, कुठे भगदाड पडलंय ते बघायचं. हार्मंड्सवर्थच्या शिक्क्यावरचं वाक्य असल्याच कुठल्यातरी शिडीवरून उतरलेलं असणार, असं मी आपलं धरून चालते.

ते वाक्य जरा उलगडून सांगते. रोमन लिपीतली मोठी अक्षरं घ्या. एच आणि आय शेजारी ठेवले की दोन उभ्या भिंती समोरासमोर येतात. एल आणि ए शेजारी ठेवले की एलची उजवी बाजू वरून मोकळी, एची डावी बाजू उतरती, मध्ये नुसती हवा. खिळे जुळवणारा माणूस प्रामाणिक असेल तर दोन्हीकडे सारख्या जाडीचं शिसं घालतो. मोजलं तर बिनचूक. डोळ्याला मात्र एच-आय खेटून उभे आणि एल-ए भांडून दूर बसलेले दिसतात. तेव्हा एच-आयमध्ये जास्त जागा सोडायची, एल-एमध्ये कमी, म्हणजे ती सारखी ‘दिसते’. आपल्या हे चटकन ध्यानात येत नाही, कारण देवनागरीत शिरोरेघ सगळ्यांना एका दोरीत बांधून ठेवते. पण संगणकावर कुणी मथळा ऐसपैस करायला अक्षरं ताणली की ती रेघ तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. असे मथळे मी रोज बघते. तक्रार करायची आता सोडून दिलीय.

चिखोल्ट बारा वर्षांचा होता तेव्हा, १९१४ मध्ये, लाइपझिगला पुस्तक आणि मुद्रणकलेचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं. पोरगा तिथे पुन्हा पुन्हा जायचा. त्याला चित्रकार व्हायचं होतं. त्यात पोट भरेल याची आईवडिलांना खात्री नव्हती, म्हणून चित्रकलेचा शिक्षक व्हायचं ठरलं. (ही तडजोड जगात सगळीकडे याच शब्दांत होत असावी.) त्या शिक्षणासाठी तो ग्रिमाला गेला, तिथे सुलेखनाच्या नादी लागला आणि शेवटी लाइपझिगच्या ग्राफिक कला आणि ग्रंथव्यवसायाच्या अकादमीत पोचला. एकोणिसाव्या वर्षी तो तिथल्या संध्याकाळच्या वर्गात अक्षरलेखन शिकवत होता. छपाईतले त्याच्या पिढीचे बाकीचे लोक एकतर खिळ्यांच्या केसपाशी उमेदवारी करून आले, नाहीतर चित्रकलेतून किंवा वास्तुकलेतून. हा बोरूच्या वाटेने आला.

मग ऑगस्ट १९२३. वायमारला बाउहाउस या नव्या विचारांच्या कलाशाळेचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. एकवीस वर्षांचा चिखोल्ट ते पाहून परतला तो आतून पार ढवळून निघालेला. बाउहाउसमध्ये तो कधी शिकला नाही, त्याने तिथे कधी शिकवलंही नाही. पण तिथला विचार साध्या छापखान्यांपर्यंत कुणी नेला असेल तर त्याने. मोहोली-नागी, एल लिसित्स्की अशी नव्या कलेतली मंडळी ओळखीची झाली. रशियन क्रांतीच्या प्रेमात त्याने आपल्या मूळ योहानेस या नावाचा ‘इवान’ करून टाकला. ऑक्टोबर १९२५ मध्ये जर्मन मुद्रकांच्या शैक्षणिक संघटनेच्या मासिकाचा एक खास अंक त्याने संपादित केला, ‘एलिमेंटारे टिपोग्राफी’, म्हणजे मूलभूत अक्षरमांडणी. वय तेवीस.

तो अंक ज्यांच्या हातात पडला ते शाईने बोटं काळी झालेले कंपोझिटर होते. त्यांच्यापुढे रोज येणाऱ्या कामाचं चित्र डोळ्यांपुढे आणा. एकाच जाहिरातीत चार-पाच वळणांचे टाइप, कडेने वेलबुट्टी, आणि सगळं कसं मधोमध, फोटोला बसलेल्या कुटुंबासारखं. चिखोल्टचा प्रश्न साधा होता : मधोमध का? मजकुरात काही आधी असतं, काही नंतर. काही ओरडून सांगायचं असतं, काही हळू. तुम्ही आकार आधी ठरवता आणि मजकूर त्यात कोंबता. त्याऐवजी टोकांना फाटे नसलेली साधी सॅन्स सेरिफ अक्षरं घ्या, ठळक-बारीक आणि लहान-मोठा एवढ्याच फरकाने काय महत्त्वाचं ते दाखवा, ओळी डावीकडून सुरू करा, आणि उरलेल्या कोऱ्या जागेलाही पानाचा भाग माना. रेखाटनाऐवजी छायाचित्र वापरा. कागद १९२२ च्या जर्मन मानकाप्रमाणे कापा, तेच ते ए-फोर वगैरे, जे आज आपल्या प्रिंटरमध्ये आहेत.

१९२६ मध्ये पाउल रेनरने त्याला म्युनिकला शिकवायला बोलावलं. हाच रेनर पुढच्या वर्षी ‘फ्युचुरा’ या टाइपामुळे प्रसिद्ध झाला. बव्हेरियात इवान नावाचा मास्तर पचणार नाही म्हणून आता ‘यान’. त्याच वर्षी एडिट क्रामरशी लग्न. म्युनिकमध्ये त्याने फेबुस-पालास्ट या चित्रपटगृहासाठी पोस्टरं केली. १९२७ मधलं ‘नाव नसलेली स्त्री’ या चित्रपटाचं पोस्टर मी पहिल्यांदा एका पुस्तकात पाहिलं, पोस्टकार्डाएवढं. एका कोपऱ्याकडे धावत सुटलेल्या तिरप्या रेषा, त्यांच्या आधाराने कापून बसवलेली छायाचित्रं, आणि बाकी कागद बिनधास्त मोकळा. मी तेव्हा कलामहाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला होते. त्यानंतर आठवडाभर मी काहीही मधोमध ठेवू शकले नाही. जेवणाचं ताटसुद्धा.

१९२८ मध्ये त्याचं ‘दी नॉये टिपोग्राफी’, म्हणजे ‘नवी टिपोग्राफी’, आलं. काळ्या कापडी बांधणीचं, ए-फाइव्ह आकाराचं, बारकंसं पुस्तक. लेखक सव्वीस वर्षांचा, आणि सूर असा की यापुढे या विषयावर कुणी तोंड उघडायची गरज नाही. सॅन्स सेरिफ हाच या काळाचा टाइप. सजावट म्हणजे अडाणीपणा. जर्मनांचं लाडकं काळं, कोनाड्या-कोपऱ्यांचं फ्राक्तूर अक्षर म्हणजे राष्ट्रवादाची जळमटं. मी हे इंग्रजी भाषांतराच्या झेरॉक्सवर वाचलं, काही पानांची वरची ओळ कापली गेलेली, आणि प्रत्येक पानाला मान डोलावली. वीस-बावीसच्या वयात माणसाला असा आवाज हवा असतो. आता तेच पुस्तक उघडलं की मला त्यातली व्यावहारिक पानं जास्त आवडतात : पत्रावरचा पत्ता कुठे हवा म्हणजे खिडकीच्या पाकिटातून दिसेल, घडीची खूण कुठे, फाइल करायच्या भोकांसाठी समास किती. जगाची नव्याने रचना करायला निघालेला माणूस पाकिटाच्या खिडकीपाशी इतका वेळ रेंगाळतो, याची मला गंमत वाटते.

पहिलं स्वतंत्र काम मिळालं तेव्हा माझ्या अंगात हाच चिखोल्ट होता. एका ज्येष्ठ कवयित्रीचा संग्रह. मी प्रत्येक कविता पानाच्या खालच्या डाव्या बाजूला ढकलली, शीर्षकं नव्वद अंशांत फिरवून कडेला उभी केली, पृष्ठांक ठळक करून मध्येच सोडले. बाईंनी पानं उलटत चहा संपवला. मग म्हणाल्या, “छान दिसतंय गं. पण वाचताना मला सारखी तूच दिसतेस. मी कुठाय?” मी घरी येऊन दोन दिवस धुसफुसले आणि सगळा संग्रह पुन्हा लावला. त्या रागाच्या भरात झेरॉक्सचा गठ्ठा पुन्हा काढला, आपल्या बाजूने साक्ष द्यायला म्हणून. त्यात मागे जोडलेला त्याच्या चरित्राचा भाग मी तोवर वाचलाच नव्हता. तो वाचला आणि कळलं की माझा साक्षीदार फार पूर्वीच फितूर झालेला आहे.

मधला काळ भराभर सांगते. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, आणि मार्चमध्ये म्युनिकला चिखोल्टला अटक झाली. घरात सोव्हिएत पोस्टरं सापडली. नव्या टिपोग्राफीवर ‘सांस्कृतिक बोल्शेव्हिक’ हा शिक्का होताच. काही आठवडे कोठडीत गेले, नोकरी गेली, आणि त्याच उन्हाळ्यात तो एडिट आणि लहानग्या मुलाला घेऊन स्वित्झर्लंडला, बाझेलला पोचला. बेनो श्वाबे या प्रकाशकाकडे अर्धवेळ काम आणि थोडं शिकवणं, यावर संसार. जाता जाता एक गोष्ट : ज्या फ्राक्तूरला त्याने नावं ठेवली ते नाझींनी आधी डोक्यावर घेतलं, आणि जानेवारी १९४१ मध्ये एका फतव्याने ‘ज्यू अक्षरं’ ठरवून मोडीत काढलं. तो फतवा ज्या कागदावर टंकलिखित झाला त्याच्या माथ्यावरचं छापील नाव फ्राक्तूरमध्येच होतं.

बाझेलमध्ये तो एका रात्रीत बदलला नाही. १९३५ मधलं त्याचं पुढचं पुस्तक अजून असममित मांडणीचंच आहे, फक्त आवाज खाली आलाय आणि सेरिफ टाइप परतलाय. १९३७ मध्ये बाझेलच्या कलादालनात कन्स्ट्रक्टिव्हिस्ट, म्हणजे भौमितिक आकारांतून काम करणाऱ्या चित्रकारांचं प्रदर्शन भरलं, त्याचं पोस्टर त्याने केलं. मला विचाराल तर ते त्याचं सगळ्यात चांगलं काम. एक मोठं फिकट वर्तुळ, एक बारीक आडवी रेघ, रेघेवर लहान अक्षरांत प्रदर्शनाचं नाव, खाली चित्रकारांच्या नावांचा सडपातळ रकाना. त्यात मोंद्रियान आहे, कांदिन्स्की आहे, जुना मित्र लिसित्स्की आहे. कुणीही ओरडत नाही. म्युनिकच्या पोस्टरांतल्या धावत्या रेषा इथे आडव्या होऊन पडल्या आहेत. मला त्या फिकट वर्तुळात सूर्यास्त दिसतो, पण तो मागाहून चिकटवलेला अर्थ आहे हे कबूल करते.

कारण त्यानंतर तो खरोखरच परत फिरला. श्वाबेसाठी आणि पुढे बिर्कहॉयझर या प्रकाशकासाठी पुस्तकं करता करता मधोमध मांडलेली शीर्षकपानं आली, जुने सेरिफ टाइप आले, परिच्छेदाच्या सुरुवातीला सोडायची जागा आली. डिसेंबर १९४५ मध्ये झ्युरिकला त्याने याच विषयावर व्याख्यान दिलं, आणि माक्स बिल हा स्विस कलावंत भडकला. बिल स्वतः बाउहाउसमध्ये शिकलेला, चिखोल्टपेक्षा सहा वर्षांनी लहान, नव्या टिपोग्राफीवर पोसलेला. १९४६ च्या एप्रिलमध्ये स्विस मुद्रकांच्या नियतकालिकात त्याने लेख लिहून चिखोल्टला प्रतिगामी ठरवलं. जूनमध्ये चिखोल्टचं उत्तर आलं, ‘श्रद्धा आणि वास्तव’ या नावाने.

त्या उत्तरात दोन गोष्टी आहेत आणि त्या लोक नेहमी एकत्र करतात. पहिली व्यवहाराची : नवी टिपोग्राफी जाहिरातीला, पोस्टरला, पत्रकाला उत्तम, कादंबरीला, कवितेला, ज्ञानाच्या जाडजूड ग्रंथाला ती चालत नाही. आणि ती नीट करायला दर वेळी कलावंत लागतो. मधोमध मांडणी मात्र साधा कंपोझिटर आपल्या अकलेने नेटकी करू शकतो, आणि यंत्रांमुळे त्याच्या कामातला आनंद आधीच इतका आटलाय की उरलेला तरी काढून घेऊ नये. माझ्या त्या कवयित्रीने हेच एका वाक्यात सांगितलं होतं.

दुसरी गोष्ट जळजळीत आहे. त्याने लिहिलं की नव्या टिपोग्राफीचा असहिष्णू ठामपणा, शिस्तीची ती लष्करी हौस, एकट्यानेच सत्ता गाजवण्याची ती ओढ, हे सगळं जर्मन स्वभावातल्या ज्या भागातून आलं, त्याच भागाने हिटलरला मोकळं सोडलं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा झेरॉक्स भिंतीवर फेकला होता. ज्या टिपोग्राफीपायी नाझींनी तुला आत टाकलं, तिलाच नाझींच्या रांगेत उभं करतोस? बिलवर तर हा सरळ अन्याय होता. स्विस माणूस तो. आजही मला ते विधान जास्तच ताणलेलं वाटतं. डाव्या बाजूने सुरू होणाऱ्या ओळीतून छळछावणीपर्यंत रस्ता जात नाही. पण एक गोष्ट तेव्हा माझ्या नजरेतून सुटली होती. आरोपींच्या पिंजऱ्यात त्याने सगळ्यात पुढे स्वतःला उभं केलंय. ‘दी नॉये टिपोग्राफी’मधला तो सूर, ज्याने मी भारावले होते, तो त्याला त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या वयात, युद्ध उरकल्यावर, परत ऐकू आला आणि अंगावर काटा आला. आपलं विशीतलं लेखन वाचून कुणाच्या अंगावर येत नाही? फक्त त्याचं विशीतलं लेखन तोवर कितीतरी जणांसाठी नियम होऊन बसलं होतं.

पेंग्विनचं बोलावणं या भांडणानंतरचं. मालक अॅलन लेन आणि मुद्रणतज्ज्ञ ऑलिव्हर सायमन त्याला भेटायला स्वित्झर्लंडला गेले आणि १९४७ मध्ये चिखोल्ट इंग्लंडला आला. पेंग्विनची पुस्तकं स्वस्त, लाखांनी खपणारी, आणि वेगवेगळ्या छापखान्यांत जुळणारी. प्रत्येक छापखान्याची आपली रीत, म्हणजे बहुधा कुठलीच नाही. त्याने काय केलं? चार पानांचं एक पत्रक काढलं, पेंग्विनचे अक्षरजुळणीचे नियम. जगाला हलवणारा जाहीरनामा काढायची सवय असलेल्या माणसाचा हा दुसरा जाहीरनामा, आणि त्यात काय आहे तर पूर्णविरामानंतर किती जागा सोडावी.

त्यातला पहिला नियम मी माझ्या टेबलासमोर लावलाय. शब्दांमधलं अंतर जितकं कमी ठेवता येईल तितकं ठेवा, साधारण त्या टाइपातल्या छोट्या ‘आय’च्या जाडीएवढं. मोठी भगदाडं टाळाच. त्यासाठी ओळीच्या शेवटी शब्द तोडावा लागला तर खुशाल तोडा. जेमतेम एका उभ्या काडीएवढं अंतर! एवढं कमी असेल तरच ओळ एक सलग पट्टा दिसते आणि डोळा तिच्यावरून घसरत जातो. शब्दांमधली अंतरं वाढली की ती ओळीमागून ओळीत एकाखाली एक येतात आणि पानातून पांढरे ओहोळ वाहायला लागतात. मराठीत दोन्ही कडा सरळ ठेवायच्या हट्टापायी, आणि शब्द तोडायचा नाही या दुसऱ्या हट्टापायी, हे ओहोळ मला रोज दिसतात. ‘आंतरराष्ट्रीयीकरण’ असा एखादा शब्द ओळीच्या शेवटी आला की तो आख्खा खाली जातो आणि वर राहिलेले चार शब्द रिकाम्या बाकावरच्या माणसांसारखे लांब लांब बसतात.

पेंग्विनमध्ये पाचशेहून जास्त पुस्तकं त्याच्या हाताखालून गेली. मुखपृष्ठावरचे आडवे पट्टे त्याने ठेवले, पण अक्षरांची वजनं आणि रेघा तासून घेतल्या. एडवर्ड यंगने १९३५ मध्ये काढलेला बोधचिन्हातला पेंग्विनही त्याने पुन्हा रेखाटला. क्रांतिकारकाला तिथे बरंच काही मोडून टाकता आलं असतं. त्याने ते मोडलं नाही, इस्त्री केली. आणि सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाची किंमत ४.०३ डॉलरवरून २.८० वर उतरवली गेली, पगार स्विस फ्रँकच्या हिशेबात एकदम आटला, तेव्हा वर्षअखेरीस तो बाझेलला निघून गेला. गादी हान्स श्मोलरने चालवली. इतक्या मोठ्या कामाच्या शेवटी एवढं घरगुती कारण असावं हे मला फार बरं वाटतं.

पुढची वर्षं त्याने बरीचशी मोजमापात घालवली. मध्ययुगातली हस्तलिखितं आणि पहिली छापील पुस्तकं घेऊन, त्यांतल्या मजकुराचा चौकोन पानावर कसा बसवलाय हे तो पट्टी-कंपास घेऊन बघत बसला. १९५३ मध्ये त्याला उत्तर सापडलं असं त्याचं म्हणणं : दोनास तीन प्रमाणाचं पान, आतला, वरचा, बाहेरचा आणि खालचा समास दोन, तीन, चार, सहा या पटीत, मग मजकुराची उंची पानाच्या रुंदीएवढी भरते. ए-फाइव्हमध्ये स्वतःचा जाहीरनामा छापणारा माणूस आता म्हणत होता की पुस्तकासाठी ए-फाइव्ह फार रुंद आहे. मी हे समास एकदा एका पुस्तकाला दिले होते. प्रकाशकांनी विचारलं, “खाली एवढी जागा वाया का घालवलीत?” कागदाच्या भावाचं गणित त्यांच्या बाजूने होतं, माझ्याकडे उत्तर नव्हतं. छान दिसतं, एवढंच म्हणाले. तेराशे प्रतींत किती रिमं वाचतील तेही त्यांनी लगेच सांगितलं.

दरम्यान त्याच्या अवतीभोवती एक गंमत चालली होती. तो ज्या शहरात जुन्या समासांची मापं घेत बसला होता, त्याच बाझेलमध्ये आणि तिकडे झ्युरिकला तरुण स्विस मंडळी त्याचीच विशीतली मतं घेऊन कामाला लागली होती. बाझेलला एमिल रुडर आणि आर्मिन होफमान, झ्युरिकला योझेफ म्युलर-ब्रोकमान. १९५७ मध्ये बाझेलला खेटून असलेल्या म्युन्शेनश्टाइनच्या हास टाइप फाउंड्रीतून एक नवा सॅन्स सेरिफ बाहेर पडला, जो पुढे ‘हेल्व्हेटिका’ म्हणून जगभर पसरला. विमानतळ, कंपन्या, औषधाची खोकी. चिखोल्टने सोडून दिलेलं घर भाडेकरूंनी भरून गेलं आणि मूळ मालक पलीकडच्या गल्लीत राहून त्यांना नावं ठेवत राहिला. तो म्हणायचा, सॅन्स सेरिफला युगाचा टाइप मानणं हे माझं पोरकट मत होतं. मला ते पोरकट वाटत नाही. ‘नाव नसलेली स्त्री’चं पोस्टर आजही बघावं, त्यात काय पोरकट आहे? माणसाने मत बदलावं. पण जुन्या मताने जे चांगलं काम करून दिलं त्याला तरी शिव्या देऊ नयेत, असं मला वाटतं, आणि इथे मी अजूनही विशीतल्या चिखोल्टच्या बाजूने उभी आहे.

शेवटचं मोठं काम एक टाइप होता. साठीच्या सुमारास जर्मन मुद्रकांचा एक गट आला. त्यांची अडचण रोकडी होती. त्या काळी मजकूर तीन तऱ्हांनी जुळायचा : हाताने एकेक खिळा उचलून, मोनोटाइप यंत्रावर एकेक अक्षर ओतून, किंवा लायनोटाइपवर अख्खी ओळ एका तुकड्यात ओतून. एकच टाइप तिन्हींवर जुळवला तर तीन वेगळे टाइप वाटायचे. त्यांना असा एक टाइप हवा होता जो तिन्हींवर हुबेहूब एकच दिसेल. आधार सोळाव्या शतकातल्या गारामों या फ्रेंच टाइपकाराच्या अक्षरांचा. नाव ठेवलं ‘साबोन’, त्याच शतकात फ्रांकफुर्टला टाइप कोरणाऱ्या याकोब साबोनवरून. १९६७ मध्ये तो बाजारात आला.

यात सगळ्यात आडमुठं यंत्र लायनोटाइप. त्यावर उभ्या आणि तिरक्या अक्षरांची रुंदी तीच ठेवावी लागे, आणि कुठलंही अक्षर आपल्या चौकटीबाहेर डोकावू शकत नसे. हे दुसरं बंधन ‘एफ’च्या जिवावर येतं. हातजुळणीच्या जुन्या टाइपांत छोट्या एफची मान पुढे झुकून शेजारच्या अक्षरावर सावली धरते, तीच त्याची ऐट. लायनोटाइपवर ती मान कापावी लागते. बहुतेक टाइपांत अशा वेळी एफ अवघडून उभा राहतो आणि त्याच्या पुढे एक फट दिसत राहते. चिखोल्टने फक्त एफ दुरुस्त केला नाही. एफला अरुंद राहावं लागणार हे धरून त्याने आजूबाजूच्या अक्षरांची रुंदी, त्यांच्या पोटातल्या मोकळ्या जागा, त्यांच्या बाजूची अंतरं जुळवून घेतली.

तो १९७४ मध्ये, ११ ऑगस्टला, स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोला वारला. शेवटची वर्षं तिथून जवळ, बेर्झोनाच्या डोंगरात काढली होती.

साबोनमध्ये लावलेलं एक इंग्रजी पुस्तक मला मागे जुन्या पुस्तकांत मिळालं. एका संध्याकाळी मी वडिलांचं भिंग घेऊन त्यात एफ शोधत बसले. सापडले. बिचाऱ्याची मान खरंच आखूड आहे, टोकाचा थेंब जेमतेम पुढे आलाय, कुणीतरी मागून कॉलर धरल्यासारखा. एका पानावर सत्तावीस मोजले. मग भिंग बाजूला ठेवून तेच पान नेहमीसारखं हातात धरलं, आणि मघाचे एफ नेमके कुठे होते ते मला सांगता येईना.